जाताना सव्वाचार, येताना सव्वाचौदा

विमानाच्या तिकिटावरून आमच्या घरात वाद होईल असे मला कधी वाटले नव्हते. पण झाला खरा!

लेकीच्या बाळंतपणासाठी आमच्या सौभाग्यवतींना डिसेंबरात मुंबईहून लंडनला जायचे होते. तिकीट हाती येताच चष्मा लावून त्यांनी हिशेब मांडला. जाताना रात्री २ वाजता निघून सकाळी सव्वासहाला उतरायचे. येताना सकाळी १० ला निघून रात्री सव्वाबाराला.

"अहो, जायला सव्वाचार तास आणि यायला सव्वाचौदा! हे कसं?"

मी मास्तरकीच्या थाटात सांगितले की, हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तो फरक जाताना मिळवला आणि येताना वजा केला की जायला पावणेदहा तास, यायला पावणेनऊ.

"तरी एक तास उरलाच की! अंतर तर तेवढंच ना?"

प्रश्न बिनतोड होता. कपाटावरचा पृथ्वीगोल काढून मी मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला. तो थेट कॉकेशस पर्वताच्या अंगाने गेला. अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. कुठूनही मोजा, तेवढेच. विमान मात्र नेहमीच दोऱ्यावरून जात नाही. २०१९ साली पाकिस्तानने आपले आकाश काही महिने बंद केले, तेव्हा विमानांना वळसे घ्यावे लागले होते. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, आणि हिवाळ्यात तो विशेष भरात असतो. जाताना तो विमानाच्या तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो. तो एक तास या वाऱ्याचा!

"म्हणजे लेकीकडे जाताना अडवतो आणि घरी येताना ढकलतो. वारासुद्धा मेला तुमच्याच बाजूचा!" असे म्हणून त्यांनी तो हिशेबाचा कागद देवघराच्या खणात ठेवला.

पुढच्याच वर्षी मार्चमध्ये छातीत कळ येऊन मी इस्पितळात पडलो. फोनवर लेक म्हणाली, "आई, धीर धर. नऊ तासांचा तर प्रवास!" मग तिकीट मिळेपर्यंत रात्र गेली. बाळाला जावईबापूंच्या हवाली करणे, तीन तास आधी विमानतळ गाठणे, इकडे उतरल्यावर रांगा, आणि मग आपल्या मुंबईची वाहतूक! फोन ठेवल्यापासून ती माझ्या खाटेशी उभी राहीपर्यंत २७ तास झाले. ते सगळे तास सौभाग्यवतींनी स्टुलावर बसून काढले. सुदैवाने मी होतो.

एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला निघाले. त्याआधी बोटीने जाणाऱ्याचे दोन-अडीच आठवडे समुद्रावर जात. त्या मानाने २७ तास म्हणजे काहीच नव्हे, हे मलाही कळते. पण ज्याच्या उशाशी कोणी वाट पाहत असते, त्याचे अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजून भागत नाही. ते दारापासून दारापर्यंत मोजावे लागते.

परवा दिवाळीच्या साफसफाईत तो कागद सापडला. 'पावणेनऊ'वर काट मारून सौभाग्यवतींनी आपल्या अक्षरात '२७' लिहिले होते. मी काही न बोलता तो पुन्हा खणात ठेवला.