मानशीचे दार कोणाच्या हाती?

खाजन शेती करणाऱ्याला मानस म्हणजे काय हे सांगायला नको. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये आणि शेतातले पाणी ओहोटीला बाहेर पडावे म्हणून बांधाला बसवलेले ते दार. बांध कितीही भक्कम घाला, मानशीकडे चार दिवस दुर्लक्ष झाले की शेत खारे झालेच म्हणून समजा. सरकारच्या तिजोरीलाही अशीच एक मानस असते. पैसा कोणाला द्यायचा, बंदुका कोणाला विकायच्या, याचा हुकूम सरकार काढते. पण त्या खर्चाला मंजुरी लोकप्रतिनिधींची लागते. दार त्यांच्या हाती असते. ते बहुधा झोपलेले असतात, हा भाग वेगळा! पण कधी काळी जागे झाले तर काय होते, त्याची एक हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. हकीकत दूरची, पण अगदी परक्याची नव्हे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिमोर नावाचे बेट आहे. त्याचा पूर्व भाग शेकडो वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, पश्चिम भाग डचांच्या. १८४४ सालापर्यंत पूर्व तिमोरचा कारभार गोव्याच्या अंमलाखाली होता. त्या साली मकाव, सोलोर आणि तिमोर गोव्यापासून तोडून वेगळे काढले. म्हणजे आपल्या बापजाद्यांना जिथून हुकूम सुटत, तिथूनच त्यांनाही सुटत. लोक कसले? डोंगरात मका आणि कॉफी पिकवणारे, सखल जागी भात लावणारे, किनाऱ्यावर होडी हाकणारे. १९७५ साली सगळे मिळून साडेसहा लाखांच्या आसपास.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली आणि पोर्तुगालने वसाहती सोडायला घेतल्या. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी तिमोरच्या फ्रेटिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केले. ते नऊ दिवस टिकले. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचे सैन्य डिली या राजधानीत उतरले. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जाकार्तात सुहार्तोंच्या पाहुणचाराला होते. त्या बैठकीचे कागद २००१ साली उघडे झाले. सुहार्तोंनी बेत सांगितला, फोर्डनी आपण अडचण आणणार नाही असे कळवले, आणि किसिंजरना काळजी पडली ती एवढीच की आम्ही घरी पोचेपर्यंत थांबता आले तर बरे. कारण अमेरिकन हत्यारे फक्त स्वसंरक्षणासाठी वापरावीत असा त्यांच्याच देशाचा कायदा होता!

आपल्या दिल्लीचेही सांगून टाकतो, लपवण्यात अर्थ नाही. १२ डिसेंबर १९७५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव ७२ मतांनी मंजूर झाला. विरोधात दहा मते पडली. त्या दहांत एक मत भारताचे होते. संसदेत याचा जाब सरकारला मोठ्याने विचारला गेला असे काही घडले नाही. आणीबाणीचे दिवस होते. घरचेच तोंड बांधलेले, शेजाऱ्यासाठी कोण ओरडणार?

पुढे जे झाले ते शेतकऱ्याला नीट समजेल. लोक डोंगरात पळाले आणि तिथे शेती करून तग धरू लागले. तेव्हा १९७७–७८ साली विमाने आली. सैनिकांवर बाँब टाकणे एक वेळ समजू. ही विमाने उभ्या पिकावरही आली. मातेबियान डोंगरावर हजारो माणसे कोंडली गेली आणि १९७८च्या नोव्हेंबरात उपाशीपोटी खाली उतरली. खाली त्यांना छावण्यांत ठेवले, आणि छावणीच्या हद्दीबाहेर जाऊन शेत कसायला मनाई केली. जमीन डोळ्यांसमोर पडीक आणि पोरे भुकेने मरताहेत! स्वतंत्र तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने २००५ साली अहवाल दिला. त्यात १९७४ ते १९९९ या काळात संघर्षापायी झालेले किमान १,०२,८०० मृत्यू मोजले आहेत. त्यांतले सुमारे १८,६०० मारले गेलेले किंवा गायब केलेले. उरलेले सुमारे ८४,२०० भूक आणि आजार यांचे बळी. हे आकडे दोनदा वाचा. गोळीपेक्षा बंद केलेल्या शेताने चौपटीहून जास्त माणसे मारली. वाचले त्यांचीही सुटका नव्हती, कारण कॉफीचा व्यापार लष्करी अधिकाऱ्यांशी लागेबांधे असलेल्या एका कंपनीच्या मुठीत गेला. ती देईल तोच भाव. भाटकारशाही ज्यांनी सोसली त्यांना याहून जास्त सांगायला नको.

आता त्या दाराकडे येऊ. अमेरिकन काँग्रेसमध्ये डोनाल्ड फ्रेझर नावाचे मिनेसोटाचे प्रतिनिधी होते. त्यांच्या उपसमितीने १९७३ पासून साक्षी घ्यायला सुरुवात केली. विषय एकच: आपल्या पैशावर पोसलेली परकी सरकारे आपल्या माणसांशी कशी वागतात? दुसरे टॉम हार्किन, आयोवाचे, खाणकामगाराचे चिरंजीव. काँग्रेसचे साधे मदतनीस असताना १९७० साली ते व्हिएतनामात गेले होते आणि तिथल्या कोन सोन तुरुंगातल्या ‘वाघाच्या पिंजऱ्यां’चे फोटो त्यांनी बाहेर आणले. खासदार झाल्यावर १९७५ साली त्यांनी कायद्यात दुरुस्ती घातली की जे सरकार माणसांचे हक्क सतत आणि राजरोस तुडवते त्याला आर्थिक मदत नाही, मात्र ती मदत थेट गरजूंना पोचत असेल तर गोष्ट वेगळी. १९७६ साली लष्करी मदतीसाठीही असेच कलम पक्के झाले. शिवाय दर वर्षी एकेका देशाचा हिशेब परराष्ट्र खात्याने काँग्रेसपुढे मांडायचा, असेही ठरले.

कायदा झाला म्हणजे काम झाले, असे समजणारा माणूस कूळकायद्याच्या तारखांना मामलेदार कचेरीत कधी गेलेला नसावा! मार्च १९७७ मध्ये फ्रेझर यांच्या समितीपुढे तिमोरवर साक्षी झाल्या. जेम्स डन हे पूर्वी डिलीत ऑस्ट्रेलियाचे वकील होते, आणि तेव्हा त्यांच्या संसदेच्या ग्रंथालयात संशोधन करीत. निर्वासितांनी सांगितलेल्या कत्तली त्यांनी समितीला ऐकवल्या. परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांनी मान डोलवली आणि आकडे फुगवलेले आहेत असा सूर लावला. पुढच्याच वर्षी मानवी हक्कांचा जप करणाऱ्या कार्टर सरकारने इंडोनेशियाला हल्ल्याची विमाने विकायला मंजुरी दिली. मातेबियानवर माणसे मरत होती तेच हे वर्ष.

त्यानंतर चौदा वर्षे दार जवळजवळ गंजून पडले. पत्रे निघत, अधूनमधून सह्या होत. लॉर्ड एव्हबरी यांच्यासारखे ब्रिटनमधले थोडे खासदार चिकाटीने विचारत राहिले. पण इंडोनेशिया मोठा देश, तेलाचा देश, कम्युनिस्टांविरुद्धचा मित्र. ऑस्ट्रेलियाने तर तिमोर गिळंकृत केल्याला मान्यताच दिली, आणि ११ डिसेंबर १९८९ रोजी दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोरच्या समुद्राखालचे तेल वाटून घेण्याचा करार केला. सही कुठे केली म्हणाल? त्याच समुद्रावर उडणाऱ्या विमानात! खाली ज्यांचा समुद्र, त्यांना विचारायची गरज वाटली नाही.

१२ नोव्हेंबर १९९१ रोजी डिलीच्या सांताक्रूझ स्मशानात एका तरुणाच्या स्मरणासाठी जमलेल्या जमावावर सैन्याने गोळीबार केला. लष्कराने आधी १९ मेले असे सांगितले, मग पन्नासाच्या आसपास. तिमोरी लोकांची मोजणी अडीचशेच्या वर जाते. अशा कत्तली पूर्वीही झाल्या होत्या. या वेळी फरक एवढाच की मॅक्स स्टाल हा पत्रकार कॅमेरा घेऊन तिथे हजर होता. पकडले जाण्याआधी त्याने चित्रफिती एका थडग्यात पुरल्या, नंतर उकरून काढल्या आणि त्या चोरून बाहेर गेल्या. दोन अमेरिकन पत्रकारही तिथे होते. त्यांना बंदुकीच्या दस्त्यांनी बडवले होते.

आता मतदारांची गोष्ट ऐका, कारण ती तुमची गोष्ट आहे. ऱ्होड आयलंड आणि शेजारचे मॅसॅच्युसेट्स या राज्यांत पोर्तुगीज वंशाची वस्ती दाट आहे. न्यू बेडफर्डसारख्या बंदरांत मच्छीमारीवर जगणारी. तिमोर त्यांना नकाशावर शोधावे लागत नव्हते. तिथले रोनाल्ड मॅक्टली आणि ओहायोचे टोनी हॉल, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, यांनी प्रतिनिधिगृहात दुरुस्ती मांडली: इंडोनेशियन लष्करी अधिकाऱ्यांना आमच्या पैशाने शिक्षण नको. ‘ईस्ट तिमोर अ‍ॅक्शन नेटवर्क’ ही नव्याने उभी राहिलेली संघटना गावोगाव पत्रे लिहवून घेत होती. सरकारचा विरोध, इंडोनेशियात धंदा करणाऱ्या कंपन्यांचा विरोध; तरी १९९२ साली ती मदत तोडली गेली. रक्कम म्हणाल तर किरकोळ, काही लाख डॉलर. पण सुहार्तोंना सतरा वर्षांत प्रथमच कळले की वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षाखेरीज आणखीही कोणी राहते.

सरकारे मात्र लबाड असतात. फुकट शिक्षण बंद ना, मग पैसे मोजून घ्या, असे म्हणून तेच शिक्षण मागच्या दाराने सुरू राहिले. काँग्रेसचे सभासद चिडले. १९९३ साली जॉर्डनकडची अमेरिकन लढाऊ विमाने इंडोनेशियाला विकायचा सौदा त्यांच्या दडपणाने अडला. सेनेटर फाइनगोल्ड यांनी हत्यारांची विक्री तिमोरशी बांधण्याचा प्रस्ताव आणला. १९९४ साली बंदुका आणि तत्सम लहान हत्यारांच्या विक्रीवर बंदी आली. त्याच सुमारास अमेरिकन मदतीने तिमोरमध्ये कॉफी उत्पादकांची सहकारी संस्था सुरू झाली आणि त्या मक्तेदार कंपनीबाहेर माल विकायची वाट शेतकऱ्याला मिळाली. १९९८ साली काय बाहेर आले? बंदी असूनही अमेरिकन कमांडो इंडोनेशियाच्या खास तुकड्यांना शिकवतच होते, वेगळ्या खात्यातून, वेगळ्या नावाने. लेन इव्हान्स या खासदारांनी संरक्षण खात्याकडून कागद मागवले तेव्हा हे उघड झाले. मानशीचे दार बंद केले तरी बांधात खेकड्याची भोके असतात, आणि ती रोज फिरून पाहावी लागतात, हे कोणाला सांगायचे?

मे १९९८ मध्ये सुहार्तो पडले. ते अमेरिकन खासदारांनी पाडले असे मी म्हणणार नाही. रुपया कोसळला, इंडोनेशियन विद्यार्थी रस्त्यावर आले, त्यांनी पाडले. त्याच जुलैत तिमोरच्या लोकांना आपले भवितव्य ठरवू द्या असा ठराव सेनेटने केला. ३० ऑगस्ट १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झाले. ९८.६ टक्के लोकांनी मत दिले, आणि ७८.५ टक्क्यांनी इंडोनेशियात राहायला नकार दिला. मग सैन्य आणि त्याने पोसलेल्या टोळ्या यांनी सूड घेतला. हजारावर माणसे मारली, बहुतेक घरे-शाळा जाळल्या. आपल्याकडेही १६ जानेवारी १९६७ रोजी फूल की दोन पाने असा कौल झाला. निकाल कोणाला रुचला, कोणाला आजही रुचत नाही; पण मत दिले म्हणून कोणाचे घर जळले नाही. तिमोरला एवढेही भाग्य नव्हते.

मतदानाच्या थोडे आधी तेच हार्किन, आता सेनेटर, आणखी दोघा सभासदांना घेऊन तिमोरमध्ये जाऊन आले होते. त्यामुळे आग लागल्यावर ‘आम्हांला कल्पना नव्हती’ ही सबब सरकारला उरली नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात क्लिंटननी लष्करी संबंध थांबवले, कर्जाचीही टांगती तलवार दाखवली. १२ सप्टेंबरला जाकार्ताने मान तुकवली, २० तारखेला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज डिलीत उतरली. २० मे २००२ रोजी तिमोर स्वतंत्र झाले. जे चार दिवसांत घडले ते चोवीस वर्षे आधी घडू शकले नसते काय? घडू शकले असते, असे माझे मत आहे. कायदा १९७६ पासून होता.

म्हणून अमेरिकन काँग्रेसची आरती ओवाळू नका. जो मित्र फार लाडका असतो त्याच्या बाबतीत तीच काँग्रेस आजही डोळे मिटून घेते. मुद्दा त्यांच्या पुण्याईचा नाही, आपल्या खासदारांच्या सवयीचा आहे. परराष्ट्र व्यवहार हा दिल्लीच्या बाबू लोकांचा प्रांत, त्यात आपले काय, असे आपले प्रतिनिधी मानतात. तसे मुळीच नाही. १९ मार्च २०१३ रोजी श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावर द्रमुकच्या १८ खासदारांनी केंद्र सरकारचा पाठिंबा काढला, आणि दोन दिवसांनी जिनिव्हात भारताने श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाला मत दिले. त्यात मतांचे राजकारण होते, कबूल. न्यू बेडफर्डमध्येही मतांचेच होते.

गोव्याला लोकसभेत दोन जागा आणि राज्यसभेत एक. एवढ्याने सरकार हलत नाही, हे खरे. पण प्रश्न विचारायला एकच माणूस पुरतो. लोकसभेत दर दिवशी वीस तारांकित प्रश्न असतात, पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, उत्तर मंत्र्याला द्यावेच लागते आणि ते छापले जाते. आखातात पासपोर्ट काढून घेतलेला आपला मुलगा, परक्या बंदरात पगाराविना अडकलेला आपला खलाशी, सागरी हद्द ओलांडली म्हणून परक्या तुरुंगात खितपत पडलेला तांडेल, हे सारे याच खात्याखाली येतात. आणि तिथे आपल्या माणसाच्या शेजारच्या कोठडीत कोण आहे, त्याला कोणाच्या बंदुकीने आत घातले, हेही विचारता येते. तुमचा खासदार पुढच्या खेपेला रापणीच्या मांडावर किंवा शेताच्या बांधावर हात जोडून येईल, तेव्हा त्याच्या पाच वर्षांच्या प्रश्नांची यादी हातात घेऊन बसा. परराष्ट्र खात्याला किती विचारले तेवढे मोजा आणि आकडा त्याच्यासमोर मोठ्याने वाचा.