कपाटातलं रिव्हॉल्व्हर

मंडळी, यावेळचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील. वॉटफर्डसारख्या सालस गावात, गणपतीच्या सजावटीची नि दिवाळीच्या हॉलभाड्याची चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्यांना पिस्तुलांशी काय कर्तव्य? पण गेल्या काही वर्षांत हा प्रश्न आमच्याकडे तीनदा आला आणि तिन्ही वेळा तो एकाच स्वरूपाचा होता. वडील गेले. सातारा, सांगली, नगर अशा कुठल्याशा गावी लोखंडी कपाट उघडलं. त्यात दागिन्यांच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात वीस-पंचवीस काडतुसं. घरात आई एकटी, थोरला मुलगा इथे, आणि परतीचं विमान पुढच्या रविवारी. आता याचं करायचं काय?

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. आपल्याकडच्या परवानाधारकाच्या घरी बहुधा .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हरच का सापडतं? कारण .३८, .४५५ किंवा ९ मिलिमीटर ही लष्कर-पोलिसांची मापं सामान्य नागरिकाला निषिद्ध. उरतं ते .३२. जुनं असेल तर बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं, नंतरचं असेल तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. काडतुसाच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं दिसली तर ते आपल्या खडकीचं. १८६९ साली इंग्रजांनी पुण्याजवळ काढलेला दारूगोळ्याचा कारखाना तो हाच.

रिव्हॉल्व्हर की ऑटोमॅटिक, हा वाद आमच्या इंजिनिअर मित्रांत पूर्वी स्कूटर की मोटारसायकल या वादाइतकाच रंगायचा. रिव्हॉल्व्हरचं यंत्र हाताच्या जोरावर चालतं. चाप ओढला की चक्र एक घर फिरतं, घोडा मागे जातो आणि पडतो. एखादं काडतूस फुसकं निघालं तरी पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. ऑटोमॅटिकचं तसं नाही. ते स्वतःच्याच धक्क्यावर चालतं. गोळी सुटली की त्या धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामी टोपी बाहेर फेकतो आणि येताना नवं काडतूस आत ढकलतो. म्हणजे प्रत्येक काडतुसाचा जोर अगदी मापात हवा. तो कमी पडला की यंत्र अडकलं. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणाऱ्या आणि कधीच न झाडल्या जाणाऱ्या हत्यारासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी रिव्हॉल्व्हर पसंत केलं, ते आम्हाला तरी शहाणपणाचं वाटतं.

गोळीचाही यात संबंध येतो. नुसतं शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, साच्यात सहज ओततं येतं, पण नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ असतं. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. हेच तीन धातू छापखान्यातल्या खिळ्यांत असत. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी देवनागरीचे देखणे खिळे पाडले ते याच मिश्रणातून, आणि वॉटफर्डसुद्धा एके काळी छपाईचं मोठं गाव होतं. छापखान्यांतून खिळे हद्दपार झाले तेव्हा त्यातलं बरंचसं शिसं हौशी नेमबाजांनी विकत घेतलं. बातमी गेली आणि बंदूक आली म्हणा! पण असली घरी ओतलेली गोळी रिव्हॉल्व्हरला चालते, ऑटोमॅटिकला नाठाळ ठरू शकते. तिथे काडतूस झटक्याने नळीत शिरतं, त्यात मऊ शिशाचं नाक चेपतं. म्हणून ऑटोमॅटिकच्या गोळीला बहुधा तांब्याचा अंगरखा असतो.

ऑटोमॅटिकचा मराठी माणसाशी पहिला मोठा संबंध आला तो मात्र लंडनमध्येच. १९०९ च्या सुरुवातीला हायगेटच्या इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मुंबईला निघाला, तेव्हा त्याच्या पेटीच्या दुहेरी तळात सावरकरांनी दिलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं होती. रिव्हॉल्व्हरचं चक्र फुगीर असतं, ब्राउनिंग चपटं. चोरकप्प्याला चपटंच सोयीचं. त्यातलंच एक नाशिकला पोचलं आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेला कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडला. कान्हेरे, कर्वे, देशपांडे ठाण्याला फासावर गेले. सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलं, ती तारीख १३ मार्च १९१०.

गंमत अशी की त्या काळी पिस्तूल विकत घेणं लंडनमध्ये फारसं अवघड नव्हतं. दहा शिलिंगांचा बंदूक-परवाना चक्क पोस्टात मिळे. मदनलाल धिंग्रा तर टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या गॅलरीत उघडपणे सराव करत होते. हिंदुस्थानात मात्र १८७८ च्या कायद्याने नेटिवाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी. आज पारडं उलटं झालंय. भारतात निदान अर्ज तरी करता येतो, इथे अर्जालाही जागा नाही.

ते झालं डनब्लेनमुळे. तारीख पुन्हा १३ मार्च, साल १९९६. स्कॉटलंडमधल्या शाळेत एका माणसाने सोळा चिमुरडी मुलं आणि त्यांची शिक्षिका यांना ठार मारलं. त्याच्याजवळ ऑटोमॅटिक पिस्तुलंही होती आणि रिव्हॉल्व्हरंही, सगळी परवान्याची. १९९७ च्या दोन कायद्यांनी ब्रिटनमधली खाजगी पिस्तुलं जवळजवळ संपवली. नळी ३० सेंटिमीटरपेक्षा किंवा एकूण लांबी ६० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं हत्यार निषिद्ध. लाखाच्या वर पिस्तुलं पोलिसांत जमा झाली. वगळली ती मुख्यतः तोंडाकडून दारू ठासायची जुन्या धर्तीची हत्यारं. त्यांचे शौकीन अजूनही बिझलीला जमतात आणि शिशाच्या गोल गोळ्या घरी ओततात. पण त्यांनाही पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं, दारूसाठी वेगळं. आम्हाला हा कायदा पटतो. खेळाडूंवर अन्याय झाला हे खरं, पण शाळेच्या पटावरची ती सोळा नावं तराजूत टाकली की दुसरं पारडं वर जातं. शिवाय स्पर्धेपुरती खास परवानगी मिळते. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं आणि पुण्याच्या अनिसा सय्यदने रौप्य, तेही डनब्लेनच्याच स्कॉटलंडमध्ये.

तर आता कपाटाकडे. एका परिचितांचा विचार होता की बाबांची आठवण म्हणून रिव्हॉल्व्हर मोडून, सुटे भाग करून सामानात आणावं. आम्ही फोनवरच हात जोडले. हीथ्रोवर सापडलं तर निषिद्ध पिस्तूल बाळगण्याची किमान शिक्षा सर्वसाधारणपणे पाच वर्षं तुरुंगवास, आणि त्यातून सूट अगदी अपवादानेच. 'वडिलांची आठवण' हा अपवाद धरला जाईल या भरवशावर कुणी राहू नये. मुंबईच्या विमानतळावर तर बॅगेच्या अस्तरात राहिलेलं एकच काडतूसही पुरतं. नकळत राहिलं होतं हे पुढे कोर्टात मान्य झालं तरी तोवर नोकरी इथे आणि तारखा तिथे. म्हणून वडिलांची जुनी सुटकेस वापरायला घेताना कप्पे उलटे करून झटका.

भारतीय कायदा मात्र तसा समजूतदार आहे. परवानाधारक गेला की वारसांनी हत्यार आणि काडतुसं विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. ती पावती मृत्यूच्या दाखल्याइतकीच जपायची. मग भारतात राहणाऱ्या वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो किंवा ते विकता येतं. 'बघू पुढच्या खेपेला' म्हणून कपाटाला कुलूप लावून आलात, तर उद्या चौकशीला पोलिस दारात येतील तेव्हा उत्तर द्यायला आई एकटी असेल. हत्यारावर हात ठेवण्याआधी ते भरलेलं आहे असंच धरून चालायचं, आणि रिकामं करण्याचं काम माहितगाराकडे सोपवायचं.

त्याहून सोपी वाट वडील असतानाची. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, की हयातीतच वारसासाठी अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा शेतीवरच्या काकांकडे आधीच दोन असतील तर तिसरं त्यांच्या नावावर होणार नाही. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. नाताळच्या सुट्टीत गावी जाणार असाल, तर जेवणं झाल्यावर बाबांना सहज विचारा, परवान्याचं पुस्तक कुठे ठेवलंय आणि शेवटचा शिक्का कुठल्या सालचा आहे.