दूधसागर बघा, पण रुळांवरून चालत नको

पाऊस लागला की दर शनिवारी रात्री पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगावहून पोरं पाठीला सॅक लावून निघतात आणि रविवारी सकाळी कॅसलरॉकला किंवा कुळ्याला उतरतात. तिथून रूळ धरायचे आणि चालत दूधसागर गाठायचा. येत्या शनिवारचे मेसेजही फिरू लागले आहेत: 'वन डे दूधसागर, चहा-नाश्ता-जेवणासह, मोजक्याच जागा शिल्लक.' हे आवाहन त्या जागा भरणाऱ्यांसाठी आहे आणि घरी बसून फोनची वाट बघणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठीही. पैसे भरले असले तरी जाऊ नका.

दूधसागर मोले राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्याच्या हद्दीत, गोवा-कर्नाटकाच्या सीमेवर आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. जुलै 2023 मध्ये सांगे तालुक्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि गोवा सरकारनं अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली. पुढच्याच रविवारी दूधसागरसाठी शेकडो लोक कुळ्याला हजर! पोलिसांनी अडवलं, काहींना उठाबशा काढायला लावल्या, त्याचे व्हिडिओ घरोघरी पोचले. लोक हसले आणि विसरले. उठाबशांनी काही साधत नाही हे मलाही पटतं. पण रेल्वे कायद्याचं कलम 147 आजही जागेवर आहे: रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दंडाचं सोडा. तो घाट कसा आहे ते आधी समजून घ्या.

कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट. पोर्तुगीज अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी, मुरगाव बंदराकडे जाण्यासाठी ही लाइन डोंगरात कोरली. चढ असा की 37 फुटांमागे एक फूट. मालगाडी वर चढवायला जादा इंजिनं लावावी लागतात. एका अंगाला पाझरणारा कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये एकेरी लाइन आणि बोगद्यांमागून बोगदे. बोगद्याच्या भिंतीत ट्रॅकमनसाठी कोनाडे असतात. गाडी आली की त्यात अंग चोरून एकदोन माणसं उभी राहतात. चाळीस जणांचा ग्रुप कुठे उभा राहणार? आत काळोख, पायाखाली ओली खडी, वरून गळणारं पाणी. आणि धबधब्याजवळच्या पुलावर तर पाण्याच्या गर्जनेत शेजारच्याचं बोलणं कळत नाही, तिथे वळणापलीकडच्या इंजिनाचा हॉर्न काय ऐकू येणार! उताराला लागलेली भरली मालगाडी ड्रायव्हरनं कितीही ब्रेक दाबले तरी जागच्या जागी थांबत नाही.

9 ऑगस्ट 2024 रोजी याच घाटात, सोनावळी आणि दूधसागर स्टेशनांच्या दरम्यान, मालगाडीचे डबे रुळावरून घसरले. तो शुक्रवार होता. रविवार असता तर, हा विचार ट्रेक नेणाऱ्यांनी एकदा करून बघावा.

पाण्याची गोष्ट वेगळी आणि जास्त फसवी. दूधसागर सुमारे 310 मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्यानं कोसळतो. त्याचं पाणलोट क्षेत्र वर घाटमाथ्यावर. खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर कॅसलरॉकच्या रानात ढग फुटलेला असतो. ते पाणी उतरतं तेव्हा गुडघाभर प्रवाह बघता बघता छातीपर्यंत येतो. आधी पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज जड होतो. हे दिसलं की काठ सोडायचा, चप्पल, बॅग, मोबाइल काही शोधत बसायचं नाही. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांचा एकमेकांना धरून उभं राहण्याचा आटापिटा साऱ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिला. तिथे जवळ रस्ता होता, माणसं होती. दूधसागरला पावसाळ्यात मोटार पोचत नाही. नुसता पाय मोडला तरी स्ट्रेचर रेल्वेनंच न्यावं लागतं, आणि त्यासाठी दरडींवर नजर ठेवत भर पावसात गस्त घालणाऱ्या ट्रॅकमननाच आपलं काम टाकून धावावं लागतं.

ट्रेक नेणाऱ्या मंडळींना थेट विचारतो: तुमच्याकडे या तारखेची वनखात्याची लेखी परवानगी आहे का? असेल तर ग्रुपवर टाका. 'लोकल माणूस ओळखीचा आहे' ही परवानगी नव्हे. आणि पैसे भरलेल्यांनी हाच प्रश्न आज, आत्ता विचारावा. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे परत मागावेत. नाही मिळाले तर सोडून द्यावेत.

मग दूधसागर बघायचाच नाही का? जरूर बघा. ऐन पावसातला हवा असेल तर गाडीच्या खिडकीतून. वास्कोहून दुपारी सुटून मिरज-पुण्याकडे येणारी गोवा एक्स्प्रेस दिवसाउजेडी हा घाट चढते, पुलावरून जाताना तुषार खिडकीतून आत येतात. (गोव्याकडे जाणारी मात्र रात्रीच घाट उतरते, तेव्हा वेळापत्रक बघून तिकीट काढा.) 'चेन्नई एक्स्प्रेस' सिनेमात गाडी धबधब्यासमोर उभी राहते म्हणून साखळी ओढू नका, दारात लोंबकळू नका.

पायथ्याशी जायचं तर पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून. कुळ्याहून जीप सुटतात, वनखात्याचं तिकीट, लाइफ जॅकेट सक्तीचं. वाटेत जीप ओढ्यांच्या पाण्यातून जाते. पावसाळ्यात हाच रस्ता बंद का असतो, हे तिथे कोणाला विचारावं लागत नाही. गावातल्या कित्येक घरांची चूल या जीपवर चालते, त्यामुळे तुमचे पैसेही योग्य ठिकाणी जातील. शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायी आहे, साधे बूट घाला. प्लॅस्टिक नेऊ नका. माकडं पिशव्या हिसकावतात हे एक, आणि हेच पाणी पुढे खांडेपार नदीतून ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पात जाऊन फोंडा आणि तिसवाडीच्या नळांना येतं. आम्ही ते पितो.

हे वाचताना तुम्ही गाडीत बसलेलेच असाल, तर कुळ्याला उतरून रुळांकडे न वळता स्टेशनाबाहेर या. वाहन करून तांबडी सुर्ल्याला जा. तिथलं कदंबकालीन महादेवाचं मंदिर काळ्या दगडात उभं आहे, भोवती रान आणि शेजारून वाहणारी नदी. पावसात ते फार देखणं दिसतं आणि डांबरी रस्ता तिथवर जातो. नदीत उतरू नका, देवळापलीकडच्या धबधब्याची वाटही धरू नका, तोही अभयारण्यातच आहे. घरी फोन करून बेत बदलल्याचं सांगा. अडचण आलीच तर 112, रेल्वेसाठी 139.