दहा दिवसांची तयारी कोणासाठी?



काही वर्षांपूर्वी मी मुलींच्या एका बालगृहात समुपदेशक म्हणून जात असे. एका पावसाळ्यात तिथे सहा अमेरिकन तरुणी महिनाभरासाठी आल्या. वर्षभराच्या मिशन प्रवासातला भारत हा त्यांचा एक मुक्काम होता. त्यांच्यातली तेवीस वर्षांची एक जण माझ्याशी मोकळेपणी बोलायची. निघण्यापूर्वी झालेल्या प्रशिक्षण शिबिराचे तिला फार अप्रूप होते. तंबूत झोपायचे, सगळे सामान पाठीवर वागवायचे, समोर येईल ते अन्न खायचे, एका बादलीत आंघोळ उरकायची, रात्री गटात बसून मन मोकळे करायचे. "माझी पुरती कसोटी लागली," ती म्हणाली. एका बादलीत आंघोळ ही कसोटी! मला हसू आले. मग मी विचारले, "आणि मुलांशी कसे वागायचे, याबद्दल काय शिकवले?" ती जरा थांबून म्हणाली, "त्यांच्यावर भरभरून प्रेम करा, असे."

तिने ते मनापासून केले. महिना संपला, गट पुढच्या देशाला गेला. तिच्या कुशीत झोपायची सवय लागलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या फाइलमध्ये मी नोंद केली : रात्री अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू. त्या वर्षात तिला सोडून गेलेली ती तिसरी 'दीदी' होती.

अशा प्रवासांची आज मोठी व्यवस्था उभी आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या गेन्सव्हिल येथील एका संस्थेने २००६ साली सुरू केलेला 'वर्ल्ड रेस' हा त्यातला सर्वांत गाजलेला कार्यक्रम. अकरा महिन्यांत अकरा देश, हे त्याचे मूळ रूप. प्रवासखर्च तरुण-तरुणींनी देणग्यांतून उभा करायचा आणि निघण्यापूर्वी शिबिराला हजर राहायचे.

हा धर्मांतराचा वाद नाही. तो वाद आपल्याकडे कोण, कशासाठी पेटवते हे आपण जाणतो. आणि घर सोडून एकटीने जग पाहायला निघणाऱ्या मुलीला नावे ठेवण्याचा तर प्रश्नच नाही; त्या हक्कासाठी आपण भांडलो आहोत. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या शिबिराबद्दल मी ऐकले, त्यात तयारी झाली ती जाणारीच्या सहनशक्तीची. जिच्याकडे जायचे तिच्याविषयीच्या जबाबदारीची तयारी झालीच नाही.

ही उणीव किती महाग पडू शकते, हे युगांडात दिसले. जिंजा शहरात एका अमेरिकन तरुणीने २००९ मध्ये कुपोषित मुलांसाठी संस्था काढली. वैद्यकीय शिक्षण नसताना तिने मुलांवर उपचार केले, असा आरोप करत दोन आयांनी २०१९ मध्ये दावा लावला. त्यांच्यामागे 'विमेन्स प्रोबोनो इनिशिएटिव्ह' ही तिथल्या स्त्री वकिलांची संघटना उभी राहिली. तिने आरोप नाकारले. २०२० मध्ये दोष मान्य न करता तडजोड झाली. पण 'चांगल्या हेतूला जाब कोण विचारणार?' हा प्रश्न त्या दोन आयांनी जगापुढे ठेवला. अनाथालयांतील पर्यटन आणि स्वयंसेवा मुलांना हानिकारक ठरू शकते, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या ठरावात मान्य केले.

आपल्याच इतिहासात याची दुसरी बाजू आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईला आल्या. पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. त्यांचा हेतूही धर्मप्रसाराचाच होता, आणि त्या कंपनी सरकारच्या राज्यात आल्या होत्या, हे विसरायला नको. पण त्या राहिल्या. आपल्या कामाची फळे, चांगली आणि वाईट, त्यांना डोळ्यांपुढे पाहावी लागली. महिन्याभराच्या पाहुणीला ती वेळ येत नाही.

आता थोडे स्वतःकडे पाहू. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हालाही ग्रामीण शिबिर होते. सात दिवस आम्ही श्रमदान केले, पथनाट्य बसवले, 'घरकामाचे मोल' यावर चर्चा घेतली. शेवटच्या दिवशी आभार मानायला गेलो, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही चाळीस जणं. सात दिवस तुमच्या भाकऱ्या आम्हीच थापल्या. त्याचं मोल धरलं का?" आमच्या अहवालात श्रमदानाचे तास होते, भाकऱ्यांचा उल्लेखही नव्हता. तेव्हा तंबूत झोपून आलेल्या त्या मुलीवर बोट रोखताना उरलेली बोटे माझ्याकडे वळतात.

म्हणून सुचवावेसे वाटते. आपल्या संस्थांना 'आम्ही स्वयंसेवक पाठवतो' अशी पत्रे येतात, आणि देणगीच्या आशेने आपण होकार देतो. यापुढे होकारापूर्वी विचारू या. तुम्हाला बोलावले कोणी? आमची भाषा किती शिकून येणार? जे काम तुमच्या देशात प्रशिक्षणाशिवाय करू देत नाहीत, ते इथे करणार का? मुलांचे फोटो कुठे जाणार? चूक झाली तर आमच्या बाईने तक्रार कोणाकडे करायची? लहान मुलांची देखभाल मात्र महिन्याभरासाठी कोणाच्याही हाती देऊ नये, मग ती व्यक्ती बोस्टनची असो वा पुण्याची.

आणि अशी मुलगी आलीच, तर तिला हाकलू नका. स्वयंपाकघरात बसवा, भाकरी थापायला शिकवा, बायका काय बोलतात ते ऐकू द्या. तिचे खरे प्रशिक्षण तिथून सुरू होईल. कदाचित आपलेही.