‘भटकणे’ हे निदान नव्हे

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या केसपेपरवर आपण डॉक्टरमंडळी ‘वॉन्डरिंग’ एवढा एकच शब्द लिहितो आणि त्याखाली मन शांत करणारी गोळी लिहून मोकळे होतो. माझ्या मते हा शब्द ‘ताप आहे’ म्हणण्याइतकाच अपुरा आहे.

कोणी खोलीतल्या खोलीत येरझारा घालतो, कोणी सुनेच्या मागे सावलीसारखा फिरतो, तर कोणी ठरावीक ठिकाणी जाण्यास निघून वाट चुकतो. अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या संशोधिका डोना अल्गेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा वर्तनामागे शब्दांत सांगता न आलेली गरज असते, असा विचार मांडला. ती गरज म्हणजे बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, गुडघेदुखी, भूक किंवा निव्वळ कंटाळाही असू शकेल. अचानक सुरू झालेले भटकणे तर डिलिरियम समजूनच तपासावे. शिवाय हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानेच अकॅथिसिया होऊन रुग्ण स्वस्थ बसू शकत नसेल, तर मात्रा वाढविणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांतील मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ व २००८ साली दिला आहे.

आमच्या इंदुरातील हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. पण तेथे हयात घालविलेले आजोबा आजही पहाटे डबा मागून निघू शकतात. त्यांची नोकरी कोणती होती, हे न विचारता केलेल्या तपासणीला मी तपासणी म्हणणार नाही. घरच्यांनी आठ-दहा दिवस एक वही ठेवावी: किती वाजता निघाले, चपला घालून की अनवाणी, कोणाचे नाव घेत होते, परत आणताना चिडले का. या नोंदी पुष्कळदा महागड्या स्कॅनपेक्षा अधिक बोलतात. (अर्थात, त्या वाचण्यास दवाखान्यात वेळ हवा!)

दाराला बाहेरून कुलूप लावून वृद्धास घरात एकटे ठेवणे मला मान्य नाही. आग लागली तर काय? त्यापेक्षा शेजारी, किराणेवाला आणि चौकातला रिक्षावाला यांना सांगून ठेवावे.

आपल्या समाजापुरती आणखी एक गोष्ट. या आजारात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी विरते. हिंदीत विचारणाऱ्या पोलिसाला आजोबा मराठीत, आणि तोही लहानपणीच्या वाड्याचा पत्ता सांगतील. सदऱ्याच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर नाव व दूरध्वनी क्रमांक म्हणूनच हिंदीत लिहावा.