एकाच मालाचे दोनदा भाडे

बड्या ॲप कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, ही दूरसंचार कंपन्यांची मागणी केंद्राने मान्य करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्हिडिओ त्यांचे आणि मनोऱ्यांचा खर्च आमचा, ही तक्रार वरवर रास्त वाटते. पण तो व्हिडिओ वळसंगसारख्या गावातला ग्राहक मागवतो आणि त्या डेटाचे पैसे रिचार्ज करतानाच मोजतो. शिवाय वाटा देणारा बदल्यात वेग मागणारच. फुकट कोण देतो? मग चादरी-टॉवेल स्वतःच्या संकेतस्थळावर विकू पाहणाऱ्या विणकराच्या पानावर चक्र गरगरत राहील, बड्या बाजाराचे ॲप झटक्यात उघडेल. गिऱ्हाईक थांबत नसते.

गरिबाला मोजकी संकेतस्थळे फुकट दिली तर बिघडले काय, असे फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या वेळीही विचारले गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास बंदी घातली, डेटा स्वस्त झाला तो त्यानंतर, कुणाची वाट न अडवता. खेड्यांतील जाळ्यासाठी ‘डिजिटल भारत निधी’ आहे, तो खर्च करावा. आणि २०१६च्या त्या बंदी आदेशातील दंडाची ५० लाख रुपयांची कमाल मर्यादा दूरसंचार कंपन्यांच्या खिजगणतीतही नाही. ‘ट्राय’ने ती आधी वाढवावी.