मूस जॉ : माळावरचे एक नगर

कॅनडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नायगाराचा धबधबा तरी उभा राहतो किंवा रॉकी पर्वत तरी. या दोहोंमधला अफाट सपाट माळ, ज्याला तिकडे प्रेअरी म्हणतात, तो बहुतेक प्रवासी विमानातून ओलांडून जातात. आज आपण त्या माळावर मुद्दाम उतरू. सस्कॅचेवान प्रांताची राजधानी रिजायना. तिच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरांवर मूस जॉ हे नगर आहे. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती ३३ हजारांहून थोडी अधिक, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

मूस हे हरणाच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर आणि 'जॉ' म्हणजे जबडा. असली नावे भाषांतर करणाऱ्याने जशीच्या तशी ठेवावीत हेच बरे! नदीचे वळण जबड्यासारखे आहे म्हणून हे नाव पडले, असे काही सांगतात. क्री भाषेतील 'उबदार वारे' अशा अर्थाच्या शब्दाचा तो अपभ्रंश आहे, असे दुसरे म्हणतात. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांकडे उतरू लागला की ही दुसरी व्युत्पत्ती थट्टेचीच वाटावी. हमरस्त्यालगत मूसचा एक प्रचंड पुतळा आहे, १९८४ सालचा. २०१५ मध्ये नॉर्वेत त्याहून किंचित उंच मूस उभा राहिला, तेव्हा या नगराने २०१९ मध्ये आपल्या मूसला मोठी शिंगे बसवून पहिला मान परत मिळवला.

येथे १८८२ साली रेल्वे आली आणि तिच्यामुळेच नगर वाढले. उतारूंच्या गाड्या मात्र १९९० पासून बंद आहेत. आता यायचे ते मोटारीनेच. मुख्य रस्त्याखालची भुयारे दाखवण्याचा मोठा व्यवसाय येथे चालतो. शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन येथे येऊन लपत असे, अशी दंतकथा तिकीट घेऊन ऐकायला मिळते. तिला कागदोपत्री आधार नाही. गंमत म्हणून ऐकण्यास हरकत नाही. तथापि याच नगरातली एक खरी हकीकत आपण सोबत घेऊन जावी, असे मला वाटते.

क्वाँग विंग नावाचे एक चिनी गृहस्थ येथे उपाहारगृह चालवीत. त्यांनी रीतसर नागरिकत्व घेतले होते. १९१२ मध्ये सस्कॅचेवानने कायदा केला, की चिनी मालकाने गोऱ्या स्त्रियांना नोकरीस ठेवू नये. क्वाँग विंग यांच्याकडे दोन गोऱ्या स्त्रिया वाढपाचे काम करीत. त्यांना दंड झाला. ते गप्प बसले नाहीत, थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९१४ साली निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. न्यायमूर्ती आयडिंग्टन यांनी तेवढे वेगळे मत नोंदवले. ज्यांच्या हातांनी पश्चिमेकडील डोंगरांतून रेल्वेचे रूळ टाकले गेले, त्या चिनी लोकांवर १८८५ पासून देशात येण्याबद्दल माणशी ५० डॉलर कर होता. १९०३ मध्ये तो ५०० डॉलर झाला, आणि १९२३ पासून १९४७ पर्यंत तर दारच जवळजवळ बंद होते. कॅनडाच्या सरकारने या कराबद्दल क्षमा मागितली ती २००६ साली. चिनी मजुरांचे जिणे दाखवणारी एक वेगळी फेरीही भुयारांत आहे. एकच तिकीट काढणार असाल, तर ते काढा.

थकवा घालवायला भूगर्भातील गरम पाण्याचे स्नानगृह आहे. पाणी एक किलोमीटरहून अधिक खोलीवरून येते. बाहेर बर्फ पडत असताना लोक गच्चीवरील कुंडात खुशाल बसून असतात.

नगराबाहेर पडलात की पुन्हा क्षितिजापर्यंत शेतेच शेते. सारा गहूच असेल अशी समजूत करून घेऊ नका. कॅनडातील बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो आणि त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत आपला देश आहे. ऑगस्टअखेर गेलात, तर मळणीयंत्रांमागे उडणारी ती धूळ कदाचित आपल्याच घरच्या वरणाची असेल.